वामकुक्षी : झोप की नुसतं आडवं होणं?

प्रश्न असा आहे : ‘वामकुक्षी’ म्हणजे दुपारची झोपच ना? आणि त्यातला ‘वाम’ वाममार्गातलाच का?

‘वाम’ शब्द तोच, पण इथे त्याचा अर्थ सरळ ‘डावा’. वामांगी म्हणजे डाव्या अंगाला बसणारी, तसाच. ‘कुक्षी’ म्हणजे आपली रोजच्या बोलण्यातली कूस. कुशीवर वळणं, रात्रभर कूस बदलत राहणं, मुलाला कुशीत घेणं, यातली ‘कूस’ संस्कृत ‘कुक्षि’वरूनच आली. तेव्हा वामकुक्षी म्हणजे नुसती डावी कूस. या शब्दात झोप कुठेच नाही, आणि मला तो आवडतो तो त्यामुळेच.

जेवल्यावर स्वस्थ बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि डाव्या कुशीवर आडवं व्हावं, असा क्रम सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. शतपावली आणि वामकुक्षी अशी ही जोडी. दिवसा झोपायला मात्र आयुर्वेदाची एरवी मनाई, उन्हाळ्यात तेवढी सवलत. म्हणजे मूळ कल्पना पडण्याची, घोरण्याची नव्हे. पण पडलं की डोळा लागतोच, त्यामुळे अर्थ सरकत सरकत ‘दुपारची झोप’ असा झाला. तो आता चूक म्हणता येणार नाही. उजव्या कुशीवर झोपलेल्याचीही वामकुक्षीच चाललेली असते. रात्रीच्या झोपेला किंवा खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली त्याला मात्र हा शब्द शोभत नाही. जेवण, दुपार आणि आडवं होणं, तिन्ही हवंच.

खरा फरक क्रियापदात दिसतो. पेंग येते, झापड येते, डुलकी लागते, डोळा लागतो. तिथे माणसाचं काही चालत नाही. वामकुक्षी ‘घेतात’. ‘मला वामकुक्षी आली’ असं कुणी म्हणत नाही. ‘डुलकी काढतो’ यातही मर्जी आहेच, पण ती चोरटी, मधेच साधलेली. वामकुक्षीला दिनक्रमात हक्काची जागा असते, म्हणून शब्दाला थोडा मानही आहे. ‘आजोबा वामकुक्षी घेताहेत, चारनंतर फोन करा’ हे सहज वाटतं. ‘आजोबा झोपलेत’ यापेक्षा त्यात अदब जास्त. तेच ‘बाळ वामकुक्षी घेतंय’ म्हटलं की लाडाची थट्टा होते, कारण बाळ आपलं नुसतं झोपतं.

लिहिताना शेवटचा ‘क्षी’ दीर्घ. संस्कृतात ‘कुक्षि’ ऱ्हस्व आणि पुल्लिंगी आहे. मराठीत असे शब्द शेवटी दीर्घ लिहायचे, आणि लिंग आपल्या ‘कूस’सारखं स्त्रीलिंगी : वामकुक्षी झाली, वामकुक्षीची वेळ.