हवामान बदलल्यावर पेरू देशातल्या डोंगरांतले केचुआ आदिवासी शेतकरी बटाटा कसा टिकवतात?

मुख्य उपाय म्हणजे शेत डोंगरावर वर सरकवणे. ऊब वाढली की करपा आणि बटाट्यातली अळी वर चढते, म्हणून कुस्को शहराजवळ पिसाकच्या 'बटाटा उद्याना'तल्या (बटाट्याचे वाण जपणाऱ्या गावांचा परिसर) गावांनी लागवड ४,००० मीटरच्या आसपास नेली. पण वर माती पातळ असते, आणि डोंगर कुठेतरी संपतोच. शिवाय तिथेच अल्पाकांचे (लोकरीसाठी पाळलेल्या जनावरांचे) कुरण असते.

दुसरा उपाय मिसळ पेरणीचा: एकाच वावरात अनेक वाण. दहिवर गोठले तर काही मरतात, काही तगतात. लिमातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी २००४ मध्ये करार झाला आणि तिथे जपलेले जुने वाण या गावांना परत मिळू लागले.

साठवणीचा आधार म्हणजे चुन्यो, गोठवून वाळवलेला बटाटा. जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, कडू बटाटे गवतावर एकेरी थरात पसरतात. ३-४ रात्री कडक गोठले की दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे, मग उन्हात वाळवायचे. साधारण ५ किलोंचा १ किलो उरतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. कडवटपणा, म्हणजे विषारी ग्लायकोअल्कलॉइड, बराचसा निघून जातो. मोराया या चुन्योच्या पांढऱ्या प्रकारासाठी मात्र गोठलेले बटाटे काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात.

हवामान बदलल्याचा घोळ इथेच, गोठवण्यात होतो. रात्री ढगाळ किंवा उबदार गेल्या तर गाभा गोठत नाही. मग तुडवताना पाणी नीट सुटत नाही आणि बटाटा आतून सडतो. अशा वर्षी चुन्योसाठी आणखी उंचावरची थंड जागा शोधावी लागते.