लाल डोळा दुखत नाही म्हणून?

ताई, सादर नमस्कार.

आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरात राहतो. मी ५४ वर्षांचा, बायको ४९ची. तिच्या उजव्या कानात बरेच दिवस शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, फोन कायम डाव्या कानाला. एमआरआय केला तर अकूस्टिक न्यूरोमा निघाला. कॅन्सर नाही, साधी गाठ, पण मोठी होती. सहा आठवड्यांपूर्वी मुंबईला ऑपरेशन झालं. त्या कानाचं ऐकू येणं गेलं, ते आधीच सांगितलेलं होतं. चेहऱ्याची उजवी बाजू उतरली आहे. नस शाबूत आहे, हळूहळू येईल, असं सर्जन म्हणाले.

माझा प्रश्न तिच्या वागण्याचा आहे. मी महिनाभर रजा घेतली, सगळं हातात देतो, पलंगावरून उठू देत नाही. तरी ती तुटक झाली आहे. बोललं तर उत्तर देत नाही. माझी आई ७८ वर्षांची. तिने दोनदा चहाचं विचारलं तर हिने मान वळवली नाही, आईला फार लागलं. संध्याकाळी कोणी भेटायला आलं की ही तोंड फिरवून बसते, नाहीतर आत निघून जाते. पुढच्या महिन्यात पुतणीचा साखरपुडा आहे, म्हणते येणार नाही. मी तिच्या चेहऱ्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. उलट तिला वाईट वाटू नये म्हणून बोलताना दुसरीकडेच बघतो. औषधांचाही कंटाळा करते. डोळ्यात थेंब घालायचं सोडलंय. चार-पाच दिवस तो डोळा लाल आहे, पण दुखत अजिबात नाही म्हणते, त्यामुळे त्याचं विशेष नाही. तिला चार माणसांत नीट वागायला कसं समजवावं?

— एक नवरा, इंदूर

•

तुमचं पत्र मंगळवारी सकाळी उघडलं आणि स्तंभाची वाट न बघता तुम्हाला दोन ओळींचा मेल टाकला: डोळ्याच्या डॉक्टरांकडे आजच न्या. संध्याकाळी तुमचं उत्तर आलं. “हो ताई, शनिवारी आईला मोतीबिंदूसाठी दाखवायचंच आहे, तेव्हा दोघींना एकदमच नेतो.” त्यावर मी जे लिहिलं त्याला उत्तर नाही. म्हणून आता इथे, चारचौघांत लिहिते.

शनिवारी नाही. आज. आईंचा मोतीबिंदू शनिवारपर्यंत थांबेल, साखरपुडा होईपर्यंतही थांबेल. हा डोळा थांबणार नाही.

पत्रात आईंना, पाहुण्यांना, साखरपुड्याला तुम्ही ऐसपैस जागा दिलीत आणि डोळ्याला जाता जाता एक वाक्य. त्यात ‘दुखत नाही’ हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंत. मला तिथेच घाम फुटला. अशा ऑपरेशननंतर लाल झालेला डोळा दुखायला हवा. कचरा गेला, कोरडा पडला, ओरखडा उठला, तर तो ठणकतो, आणि ठणकतो म्हणून माणूस धावतो. मेंदूतून निघणाऱ्या नसांना नंबर असतात. तो ठणका कळवणारी नस पाचवी. पापणी मिटवणारी सातवी. ऐकण्याची आणि तोलाची आठवी, आणि ही गाठ उगवते ती तिच्या तोल सांभाळणाऱ्या फांदीवर. सातवी आणि आठवी कानामागच्या हाडातल्या एकाच अरुंद वाटेने जातात, म्हणून गाठ काढताना सातवीला धक्का बसतो, नस शाबूत राहिली तरी. गाठ मोठी असेल तर ती पाचवीलाही रेटते. म्हणजे तुमच्या बायकोचा डोळा पुरता मिटत नसणार, कदाचित त्यात पुरेसं पाणीही सुटत नसेल, आणि त्यातून त्याची संवेदनाच कमी झाली असेल, तर तो सुकतोय, घासला जातोय आणि तिला पत्ता नाही. अशा डोळ्याच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, काही दिवसांत जखम होऊ शकते, जखमेत जंतू शिरतात, ती भरली तरी पांढरा डाग राहतो, आणि डाग मधोमध पडला तर नजर गेली. उजवा कान गेला तो गाठीपायी, त्याला इलाज नव्हता. उजवा डोळा गेला तर तो शनिवारपायी जाईल.

तपासणीत काही निघालं नाही तर उत्तम. मला खुशाल शिव्या घाला.

दवाखान्यात गेल्यावर काउंटरवर ‘डोळे आलेत’ म्हणून नंबर लावू नका. पहिलं वाक्य हे बोला: अकूस्टिक न्यूरोमाचं ऑपरेशन झालंय, चेहऱ्याची नस कमजोर आहे, डोळा लाल आहे आणि दुखत नाही. डॉक्टर डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात बघतील. कापसाच्या टोकाचा स्पर्श कॉर्नियाला कळतो का, हेही तपासायला हवं, आणि नाही तपासलं तर तुम्ही विचारा. मेडिकलवरून ‘लालीचे थेंब’ परस्पर आणू नका. अशा थेंबांत स्टेरॉइड असू शकतं, आणि आत जखम असेल तर ते फार महागात पडतं. डॉक्टरांनी पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला टाका घालायचं किंवा वरच्या पापणीत सोन्याचं इवलंसं वजन बसवायचं सुचवलं तर दचकू नका (हो, खरोखर सोन्याचं, वजनाने पापणी खाली येते). नस परतली की दोन्ही काढता येतं. मुंबईच्या सर्जननाही आजच फोन करा. आणि दवाखाने बंद व्हायच्या वेळेला हे वाचत असाल तर एम.वाय. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, पण सकाळवर टाकू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. म्हणजे मला तो जसा दिसतो तसा.

डोळा लाल आहे एवढं तुम्हाला दिसलं, कारण ते लांबूनही दिसतं. पण झोपेत तिची पापणी किती उघडी राहते, सांगता येईल? रडते तेव्हा उजव्या डोळ्यातून पाणी येतं का? थेंब घालायला डोकं मागे टाकलं की तिला गरगरतं, म्हणून तर तिने ते सोडले नसतील? यातलं काही तुमच्या पत्रात नाही, आणि मला वाटतं तुम्हाला ठाऊकही नाही. तुम्ही दुसरीकडे बघता.

याला तुम्ही समजूतदारपणा म्हणता. मी म्हणणार नाही. बायको समोर बसली आहे आणि नवरा खिडकीकडे बघत बोलतोय, हे ती सहा आठवडे पाहते आहे. तिने काय समजायचं? की हा चेहरा बघवत नाही. इतकी वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला बघवत नाही, तर पुतणीच्या सासरच्यांनी का म्हणून बघावा? पाहुण्यांसमोर तोंड फिरवायला ती तुमच्याकडूनच शिकली.

शिवाय एका कानाने ऐकणारं माणूस अर्धं बोलणं समोरच्याच्या ओठांवरून पकडतं. तुम्ही खिडकीशी बोललात की तेही गेलं. आणि मग तक्रार, की उत्तर देत नाही! आईंनी चहाचं उजव्या बाजूने विचारलं असेल, आत मिक्सर नाहीतर कुकर चालू असेल. एक कान गेला की आवाज कुठून आला ते उमगत नाही आणि गलक्यातून शब्द वेगळा निघत नाही. आईंना लागलं असेल, पण त्यांचा अपमान कोणी केलेला नाही, आणि हे त्यांच्या गळी उतरवणं तुमचं काम, तिचं नव्हे. तिच्या डाव्या बाजूला या, नाव घ्या, मग बोला. यापलीकडे त्यात काही नाही. (सासूबाईंची बाजू घेणारी पत्रं येतील मला यावर. येऊ देत.)

संध्याकाळचे पाहुणे बंद करा. दिवसभर तोल सांभाळून आणि कान देऊन ती पाच वाजेपर्यंत पार गळून गेलेली असते. त्यात आपला इंदुरी पाहुणा म्हणजे कचोऱ्यांचा पुडा घेऊन येणार, दोन तास बसणार, आणि निघताना दारात उभं राहून पुन्हा अर्धा तास.

पलंगावरून उठू न देण्याचं कौतुक मला सांगू नका. एका बाजूचा तोल गेला की मेंदू दुसऱ्या कानाच्या, डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर तो नव्याने शिकतो, आणि शिकतो तो हिंडल्या-फिरल्याने. पडून राहणाऱ्याची चक्कर लांबते. सर्जननी वाकायला, जड उचलायला, जोरात नाक शिंकरायला मनाई केली असेल ती पाळा. नाकातून किंवा टाक्यांतून पाण्यासारखं गळलं, ताप आला, मान आखडली तर तासाभराचाही उशीर न करता त्यांना कळवा. बाकी डोळ्याचे डॉक्टर हो म्हणाले की रोज सकाळी तुमचा हात धरून तिला कॉलनीतून फिरू द्या. तुम्ही डावीकडे. धुळीसाठी बाजूने बंद असलेला गॉगल घ्या.

आणि एक काम सांगते, ते फक्त तुम्ही करायचं. मुलं असतील तर मुलांनी नाही, नर्सने नाही, तिने स्वतः तर नाहीच. आज डॉक्टर डोळा बघतील आणि रात्रीसाठी काय करायचं ते सांगतील. जखम निघाली तर ते वेगळं काही सांगतील, मग तसंच करा. पण अशा डोळ्याला बहुतेक वेळा रात्री मलम आणि पट्टी असते. ते तुमच्या हातांनी.

मोठा दिवा लावा, चष्मा घाला, हात साबणाने धुवा. ती आडवी झाली की खालची पापणी बोटाने ओढा आणि आत मलमाची बारीक रेघ सोडा. ट्यूबचं तोंड डोळ्याला लागू देऊ नका. मग वरची पापणी अलगद खाली आणा आणि कागदी चिकटपट्टीने धरून ठेवा. पट्टीखाली पापणी खरोखर पुरती मिटली आहे ना, ते वाकून, जवळून बघा. फट राहिली आणि पट्टी बुबुळाला घासली तर रात्रभरात नवी जखम. उघड्या डोळ्यावर कापसाचा बोळा तर अजिबात नको. पंखा बारीक करा, कूलरचा झोत पलंगावरून हलवा. दिवसाच्या थेंबांचा गजर तुमच्या मोबाइलवर लावा, तिच्या नाही, आणि गरगरत असेल तर आडवं करूनच थेंब घाला.

पहिल्या रात्री ती ‘असू द्या हो, माझं मी करते’ म्हणेल. ऐकू नका. त्या वेळी धीर देऊ नका, सर्जन काय म्हणाले ते पुन्हा उगाळू नका, आणि ‘छान दिसतेस’ तर मुळीच म्हणू नका. तिच्याकडे आरसा आहे. डोळ्याकडे बघा, गालाकडे बघा, ओठांचा कोपरा कालच्यापेक्षा हलतोय का ते बघा. नस परतते ती दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर या हिशेबाने, त्यामुळे पहिली हालचाल दिसायलाच महिने जातील, वर्षही जाईल. ती दिसलीच, तर आधी तुम्हाला दिसायला हवी. या काळात कोणीतरी चेहऱ्याला करंट देण्याचं मशीन सुचवेलच, ते सर्जनना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

साखरपुड्याला जायचं की नाही ते ती ठरवेल. नाही आली तर भावाला ‘तिला अजून झेपणार नाही’ एवढं सांगून मोकळे व्हा, तिच्याकडून कोणाला फोन करवू नका. आली तर तिला भिंतीकडेला अशी बसवा की माणसं डावीकडे राहतील, स्पीकरपासून लांब, आणि ती उठू म्हणाली की जेवण वाढलेलं असलं तरी उठा.

आजच्या तपासणीचा कागद हातात आला की कॉर्नियाबद्दल त्यावर काय लिहिलंय ते मला मेलने कळवा. वागण्या-बिगण्याचं काही उरलंच असेल, तर ते त्याच्या खाली लिहा.