वाचकांचे प्रश्न : बारा महिने, बारा विषय

प्रश्न : आम्ही पाच जणी गुढीपाडव्यापासून वर्षभर दर महिन्याला एक विषय ठरवून वाचणार आहोत. मोबाइलवर एक यादी मिळाली : समुद्र, अंतराळ, निळं मुखपृष्ठ, एका शब्दाचं नाव. वाचनालयात निम्म्या विषयांना पुस्तकच सापडेना. यादी कशी करावी?
— एक वाचक, विटा

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि आधी कपाट बघा. विषय घरी बसून ठरवला आणि मग पुस्तक शोधायला निघालं, की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच गाडी अडते. वाचनालयात एका पुस्तकाची बहुधा एकच प्रत असते. ती एकीकडे गेली की बाकी चौघी वाट बघत बसतात. म्हणून पाच जणींसाठी पाच वेगवेगळी पुस्तकं निघतील तोच विषय पक्का करा. ‘निळं मुखपृष्ठ’ तर काढूनच टाका. जुन्या पुस्तकांना वाचनालयात पुठ्ठ्याची बांधणी केलेली असते. मूळ मुखपृष्ठ गेलेलं, पाठीवर फक्त दाखल क्रमांक. रंग शोधणार कुठे?

विषय अडला तर तो थोडा रुंद करा. ‘समुद्र’ऐवजी ‘पाणी’ म्हटलं की नदी, धरण, पूर, दुष्काळ सगळं आत येतं. पण ‘कादंबरी’ इतकंही रुंद नको, कारण मग निवड करावीच लागत नाही.

तुमच्या दारातला एक विषय मात्र सोडू नका : माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि शंकरराव खरातांचं आत्मकथन ‘तराळ-अंतराळ’ ही दोन्ही आटपाडीच्या परिसरातली. पहिल्यात धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर दिसतो आणि शेवटी दुष्काळानं रिकामी होत जाणारी वाडी. दुसऱ्यात हीच माती गावकुसाबाहेरून दिसते. तराळकी म्हणजे काय काम, ते तिथे कळतं. दोघींनी एक आणि तिघींनी दुसरं असं न करता प्रत्येकीनं दोन्ही वाचा, नाहीतर माणदेश अर्धाच कळेल. हा विषय वैशाखात घ्या. पुढच्या महिन्यात ‘पाणी’ ठेवा म्हणजे धागा जुळेल.

पाडव्यापासूनच सुरुवात आहे तर दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वर्षभर उशाशी असू द्या. त्यात चैत्रापासून महिन्याला एक लेख आहे. तो त्या त्या महिन्यातच वाचायचा, पुढचा उघडायचा नाही. बाहेर पळस-पांगारा फुललेला असताना तो वाचण्यात जी गंमत आहे, ती आषाढात वाचून येत नाही.

प्रश्न : नोकरी करून महिन्याला किती पानं झेपतील? गेल्या वर्षी गणपतीत सगळं थांबलं ते थांबलंच.
— एक वाचक, कराड

उत्तर : रोज वीस मिनिटांत साधारण १२ पानं होतात. महिन्यातले आठ दिवस पाहुणे, लग्नं, आजारपण यांत जातात असंच धरा. उरले २२ दिवस, म्हणजे २६४ पानं. तेव्हा २५० पानांवरचं पुस्तक एका महिन्यात बसवू नका, त्याला सलग दोन महिने द्या. पानं मोजताना हातातली आवृत्ती बघा. टंक बदलला की तेच पुस्तक तीस-चाळीस पानांनी फुगतं.

गणपतीचा महिना आणि मार्च इथे कविता, नाटक किंवा कथासंग्रह ठेवा. कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे चार दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही. जाड कादंबरी मात्र खंड सोसत नाही. माणसांची नावं विसरतात, मागची पानं चाळावी लागतात आणि तिथेच पुस्तक मिटतं. तुमचं गेल्या वर्षी बहुधा हेच झालं असावं.

प्रश्न : दिवाळी अंक पुस्तक म्हणून धरावा का? आणि न आवडलेलं पुस्तक रेटून संपवायचं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : धरा, पण पूर्ण वाचला तरच. अंक चाळला जातो, वाचला जात नाही. अनुक्रमणिकेवर वाचलेल्या लेखापुढे पेन्सिलीनं खूण करत गेलात तर फसवणूक होत नाही.

न आवडलेलं पुस्तक ५० पानांनंतर खुशाल परत करा. त्यासाठी प्रत्येक विषयाला एक राखीव पुस्तक आधीच लिहून ठेवा, आणि ते मूळ पुस्तकापेक्षा बारीक असू द्या, कारण तोवर महिन्यातले काही दिवस गेलेले असतात. तुम्हाला पाचगणीजवळचं भिलार जवळ आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि तिथे घराघरांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तकं मांडलेली आहेत. एक दिवस काढून जा, प्रत्येक विषयाच्या दोन-तीन पुस्तकांची पहिली दहा पानं तिथेच बसून वाचा. आवडलेल्यांची नावं, लेखक आणि पानं वहीत उतरवून घ्या, आणि मग ती तुमच्या वाचनालयात मागा.