धुवाधार पावसात व्याख्यानाला जावे का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी वडणग्याची. गावातल्या दूध संस्थेत संकलनाचे आणि हिशेबाचे काम करते. जुलै महिन्यात कोल्हापुरातल्या एका वाचनालयात माझ्या आवडत्या लेखिकेचे व्याख्यान होते. दोन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती आणि पंचगंगा ३४ फुटांवर होती. घरात सर्वांनी ‘नको’ म्हटले. असली भाषणे मोबाइलवर केव्हाही ऐकता येतात, असे यजमानांचे म्हणणे होते. मी तरीही गेले. गंगावेशीत उतरून पुढे चालताना छत्री दोनदा उलटली आणि पोहोचले तेव्हा साडी पोटरीपर्यंत भिजली होती. एवढ्या मोठ्या सभागृहात आम्ही सतरा जण होतो. दहा मिनिटांत वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला. तेव्हा त्या व्यासपीठावरून खाली आल्या, आम्हाला खुर्च्या जवळ ओढायला सांगितल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात सव्वा तास बोलल्या. नोकरी आणि संसार सांभाळून रोज पहाटे एक पान लिहीत त्यांनी पहिले पुस्तक कसे पुरे केले, हे ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही. आपणही तसेच रोज पहाटे एक पान आपल्या आईविषयी लिहायचे, असे मी ठरवले. आज पाच आठवडे झाले आणि वहीत एकच ओळ आहे : ‘माझी आई फार कष्टाळू होती.’ मी गेले ते चुकले का? आणि तो उत्साह गेला कुठे?

– एक वाचक भगिनी, वडणगे

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. आधी नदीविषयी बोलते, कारण पुढचे सारे तुम्ही सुखरूप घरी पोहोचलात म्हणूनच बोलता येते आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. तुम्ही निघालात तेव्हा ती ३४ फुटांवर होती, म्हणजे पाच फुटांचे अंतर होते आणि तेवढ्यापुरता तुमचा निर्णय अविचाराचा नव्हता. मात्र पावसाळ्यात आपण एकमेकांना ‘किती फूट?’ एवढेच विचारतो आणि ‘चढते आहे की उतरते आहे?’ हे विचारायचे राहून जाते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येते. त्यामुळे शहरात पाऊस थांबला, तरी गगनबावडा आणि राधानगरीकडे तो कोसळत असेल तर आपली नदी पुढे कित्येक तास चढतच राहते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की ते पाणीही काही तासांनी आपल्यापर्यंत येते. म्हणून जाताना मोकळा असलेला रस्ता परतताना तसाच असेल, असे धरून चालता येत नाही, आणि तुमच्यासारख्या पलीकडच्या काठावर राहणाऱ्यांना खरा धोका परतीच्या वाटेवर असतो. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेले आपण पाहिले आहे, त्यामुळे चिखली-आंबेवाडीच्या शेजारच्या गावाला मी हे अधिक सांगायला नको. पुन्हा असा प्रसंग आला, तर निघण्यापूर्वी धरणाच्या दरवाजांची चौकशी करावी, शहरात कोणा नातलगाकडे मुक्कामाचे आधीच सांगून ठेवावे आणि रस्त्यावर पाणी आलेले दिसले, तर ते घोट्याइतके वाटले तरी त्यात पाऊल घालू नये. पातळी ३९ फुटांच्या जवळ असून चढत असेल, तर कितीही मोठे व्याख्यान असले तरी घरीच थांबावे. यजमानांच्या ‘नको’मध्ये ही काळजी होती, आणि तिचा मान ठेवायलाच हवा.

मोबाइलच्या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. ध्वनिमुद्रण ही मोठी सोय आहे. ज्यांना जिना चढवत नाही किंवा ज्यांचे गाव दूर आहे, त्यांच्यासाठी तर ती फारच मोलाची आहे. परंतु त्या दिवशी वीज गेली नसती आणि सभागृह भरलेले असते, तर त्या लेखिकेने तयार करून आणलेले भाषण केले असते. सतरा भिजलेली माणसे समोर पाहून त्या खाली उतरल्या, आणि पहाटेच्या पानाची गोष्ट त्या सतरा जणांना सांगितली गेली. श्रोता समोर असला की वक्ता बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या शहरात करवीर नगर वाचन मंदिरासारखी संस्था १८५० पासून उभी आहे, तिथे पुस्तकासाठी आणि व्याख्यानासाठी घराबाहेर पडणाऱ्या माणसांची मोठी परंपरा आहे, आणि तुम्ही त्यांच्यातल्याच आहात.

आता उत्साहाविषयी. विद्यार्थिदशेत मीही अशीच भिजत एका व्याख्यानाला गेले होते. शाईच्या पेनाने टिपणे घेतली आणि वही पिशवीत टाकून परत आले, तर मधले पान पूर्ण फुटलेले होते. निळ्या डागांत ‘म्हणून मी त्या वर्षी’ एवढे चारच शब्द वाचता येत होते. त्याच रात्री बसून आठवून लिहिले असते तर ते वाक्य वाचले असते. मी आठ दिवसांनी बसले आणि त्या वर्षी त्यांनी काय केले, ते मला आजतागायत आठवलेले नाही. विस्मरणावर स्वतःवरच प्रयोग करणारे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले होते, की शिकलेल्यापैकी मोठा भाग पहिल्या काही तासांतच गळतो आणि नंतर गळतीचा वेग मंदावतो. त्यांनी पाठ केली होती ती निरर्थक अक्षरे, आणि मनाला भिडलेले बोलणे तितक्या लवकर पुसले जात नाही. तरीही व्याख्यानाहून परतल्यावर अंग पुसून, चहा घेऊन, जेवणाआधी दहा मिनिटे लिहिणे फार उपयोगी पडते. तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात तो प्रसंग पुष्कळसा टिकून आहे, म्हणून या पत्राची एक प्रत वहीत जरूर ठेवा.

पण तुमचे लिखाण अडले आहे त्याचे कारण मला वेगळे दिसते. त्या लेखिकेची पहाट मोकळी होती, तुमची नाही. त्या वेळी संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागलेली असते, फॅट पाहायची असते, प्रत्येकाच्या पुस्तकात लिटर लिहायचे असतात. ज्या वेळी निम्मा गाव तुमच्यासमोर उभा असतो, त्या वेळी एक पान लिहिण्याचा संकल्प तुम्ही केलात, आणि तो मोडल्यावर दोष स्वतःच्या उत्साहाला दिलात. लेखिकेकडून ‘रोज एक पान’ घ्या, ‘पहाटे’ हा शब्द त्यांच्याकडेच राहू द्या. सकाळचे संकलन आटोपून हिशेब जुळल्यावर संध्याकाळच्या दुधापर्यंत जो वेळ मिळतो, त्यातली वीस मिनिटे तुमची. एक पान जमले नाही तर अर्धे चालेल.

आणि ती ओळ खोडा. ‘कष्टाळू’ हा शब्द प्रत्येकीच्या आईला लागू पडतो, त्यामुळे त्यात तुमची आई दिसत नाही. तिचा एकच हात डोळ्यांसमोर आणा. काठवटीत जोंधळ्याचे पीठ मळताना ती पाण्याचा हबका कसा मारी, भाकरी तव्यावर टाकताना बांगड्या मागे सारी का, पहिली भाकरी कोणाच्या ताटात जाई आणि शेवटची, थोडी जाड राहिलेली कोण खाई, एवढेच लिहा. दुसऱ्या दिवशी दुसरे काही घ्या. महिन्याभरात तुमच्याकडे वीस-पंचवीस तुकडे होतील, आणि त्यांचा क्रम कसा लावायचा, ते तेव्हा मला पुन्हा विचारा.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. त्या लेखिकेला पत्र लिहा. मेणबत्तीच्या उजेडात ऐकलेल्यांपैकी आपण एक आहोत, हे सांगा आणि भाकरीचे ते पान सोबत जोडा. कार्यक्रमाचे निमंत्रण वाचनालयाने धाडले होते, तेव्हा पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची सोय तिथले ग्रंथपाल करून देतील.