रोजगाराची जागा आणि तिथवरचा प्रवास : विकास आराखड्याविषयी वाचकांचे प्रश्न

शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा आणि नियम म्हणजे विकास आराखडा; मंजुरीपूर्वीचा त्याचा मसुदा म्हणजे प्रारूप. अशा प्रारूप विकास आराखड्यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी रोजगार आणि वाहतूक यांच्याशी संबंधित प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो दीर्घकाळ टिकेल का, त्याचे पर्यावरणावर, रोजगारावर आणि वाहतुकीवर काय परिणाम होतील, हे तपासणे कायद्याने बंधनकारक आहे का? (वाचक, सातारा)

नाही, आणि ही आपल्या नियोजनव्यवस्थेतील गंभीर उणीव आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मात्र ज्या आराखड्याच्या आधारे अशी अनेक बांधकामे एकाच भागात उभी राहतात, तो आराखडा या अधिसूचनेच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विद्यमान भूवापराचा नकाशा, प्रारूप आराखडा, हरकती-सूचना आणि सुनावणी असे टप्पे घालून दिले आहेत. परंतु निवडलेले धोरण इतर पर्यायांशी ताडून पाहणारा अहवाल त्यात कुठेही मागितलेला नाही. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने स्थानिक योजनेसोबत असे मूल्यमापन सक्तीचे केले. कोणते पर्याय विचारात घेतले आणि ते का नाकारले, हे तेथे लेखी सांगावे लागते. आपल्याकडे सक्ती नसली तरी मनाईही नाही. महापालिकेने ठरवले, तर असा अहवाल ती प्रारूपासोबत प्रसिद्ध करू शकते आणि नागरिकांनी तशी मागणी जरूर करावी.

प्रश्न : आमच्या शहराच्या प्रारूपात बाह्यवळण रस्त्यालगत मोठा औद्योगिक आणि वाणिज्य पट्टा दाखवला आहे. त्यामुळे स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळतील, असे सांगितले जाते. हा दावा कसा तपासावा? (वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

नकाशावर एखादा पट्टा औद्योगिक म्हणून रंगवल्याने तेथे रोजगार येत नाही आणि आला तरी तो आपल्या शहरातील माणसाच्या आवाक्यात असेलच, असेही नाही. महाराष्ट्राने याची दोन मोठी उदाहरणे पाहिली आहेत आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण नवी मुंबईचे. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची गर्दी खाडीपलीकडे न्यावी आणि तेथे राहणाऱ्याला तेथेच काम मिळावे, हा मूळ हेतू होता. मात्र त्याच काळात नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव घालून कार्यालयांसाठी नवी जागा तयार होत होती आणि मंत्रालय जागचे हलले नाही. मानखुर्द ते वाशी हा रेल्वेमार्ग सुरू व्हायला १९९२ साल उजाडले. घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले, त्यातून खरा रोजगार उभा राहिला. तरीही कित्येक वर्षे नवी मुंबईतील असंख्य कुटुंबांची नोकरी मुंबईतच राहिली आणि रोजचा प्रवास लांबला. एका हाताने जुन्या केंद्राला बळ देत दुसऱ्या हाताने नवे केंद्र उभारणारे धोरण स्वतःशीच विसंगत असते. तेव्हा आपल्या आराखड्यात शहराच्या मध्यभागी याच उपयोगासाठी वाढीव चटई क्षेत्र (म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी) दिले आहे का, हे आधी पाहावे.

दुसरे उदाहरण गिरणगावाचे. गिरणी कामगार चाळीतून पायी कामावर जात असे. घर आणि काम यांमधले इतके कमी अंतर मुंबईत पुन्हा क्वचितच साधले गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला भाग मालकाच्या विकासासाठी, अशी विभागणी होती. २००१ मधील बदलाने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परळ आणि लोअर परळ भागात कार्यालये उभी राहिली, माणसे लांबून लोकलने येऊ लागली, पण स्थानके, पूल आणि जिने पूर्वीच्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पाऊस होता, गोंधळही झाला. परंतु रोजगाराचे स्वरूप बदलण्याचा निर्णय घेताना तेथे येणाऱ्यांची वाट कोणती, हे तपासलेच गेले नव्हते आणि ही जबाबदारी नियोजनाचीच आहे, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्या पट्ट्यासाठी म्हणून पुढील गोष्टी विचारा. शहरातील कामगार वस्तीतून तेथे बसने किती वेळ लागेल आणि रात्रपाळी सुटल्यावर ती बस असेल का? पाणी, सांडपाणी आणि वीज यांची तरतूद कोणत्या वर्षी होणार आहे? पट्टा वसेपर्यंत शहरातील छोटे कारखाने आणि गाळे टिकणार आहेत, की त्यांच्या जमिनी आराखड्यात निवासी झाल्या आहेत? या तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नव्या नोकऱ्या मोजताना जाणाऱ्या नोकऱ्या वजा करणे आवश्यक आहे.

प्रश्न : हिंजवडीची कोंडी मेट्रो सुरू झाल्यावर सुटेल का? (वाचक, वाकड)

मेट्रोचा उपयोग निश्चित होईल, पण सगळा भार तिच्यावर टाकता येणार नाही. औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारायला १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. मधल्या काळात हजारो लोकांनी दुचाकी आणि मोटारी घेतल्या, घरेही त्याच हिशेबाने निवडली आणि अशा सवयी सहज बदलत नाहीत. शिवाय उद्यानाच्या आत महामंडळ, बाहेर ग्रामपंचायती आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, वाकडपासून महापालिका, अशी अधिकारांची विभागणी आहे. स्थानकापासून कार्यालयापर्यंतचा पदपथ आणि जोडबस ही कामे नेमकी या सीमांवर अडतात. आपल्या भागातील स्थानकाबाहेरच्या पहिल्या एक किलोमीटरचा आराखडा कोणाकडे आहे, हे लेखी विचारावे.

प्रश्न : फेरीवाले आणि रिक्षाचालक हाही रोजगारच आहे. आराखड्यात त्यांचा विचार होतो का? (वाचक, नाशिक)

क्वचित होतो, आणि व्हायलाच हवा. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची योजना करायची असते. ती विकास आराखड्याशी जोडली नाही, तर रस्ता रुंद करताना पहिला घाव याच लोकांवर पडतो. रिक्षाथांब्यांची जागाही रस्त्याच्या आखणीतच राखली पाहिजे.

प्रश्न : हरकत घ्यायची तर आकडे कुठून आणायचे आणि ती कशी लिहायची? (वाचक, कोल्हापूर)

२०११ च्या जनगणनेत कामगारांचे घरापासून कामापर्यंतचे अंतर आणि प्रवासाचे साधन नोंदवले गेले. जिल्हावार तक्ते उपलब्ध आहेत. मात्र त्यात शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतील कामगार येत नाहीत आणि ही माहिती आता जुनी झाली आहे, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. एखाद्या चौकात किंवा कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटताना पायी, सायकलने, बसने आणि दुचाकीने जाणाऱ्यांची मोजणी दोन-तीन दिवस केली, तरी सुनावणीत ती वजनदार ठरते. मोजताना स्त्रियांची नोंद वेगळी ठेवावी, कारण बस नसेल तर काम सोडण्याची वेळ बहुधा त्यांच्यावर आधी येते.

हरकत प्रारूपाच्या जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीतच दाखल करावी आणि पोच घ्यावी. भाग नकाशाचा क्रमांक, जागा किंवा आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन), तुमचा आक्षेप, त्याचा पुरावा आणि तुम्ही सुचवत असलेला बदल, या क्रमाने ती लिहावी. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याचे त्यात स्पष्ट नमूद करावे. महापालिकेच्या बाबतीत हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर शासनाकडून नेमलेले तज्ज्ञही असतात; हाताने काढलेला बसमार्गाचा नकाशा आणि मोजणीचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला, तर चर्चा नेमक्या जागेवर येते. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती देण्याऐवजी प्रत्येक वस्तीने आपल्या रस्त्याची आणि आपल्या कामाच्या ठिकाणाची स्वतंत्र हरकत द्यावी.