'दारफळणीचा सण' म्हणजे कोणता? आणि त्या दिवशी रोजा की उपवास?

प्रश्न असा : कोकणातल्या ज्यूंविषयीच्या जुन्या मजकुरात 'दारफळणीचा सण' येतो, तो फळांचा सण का? आणि त्यांच्या उपासाला 'रोजा' म्हणावे काय?

फळांचा इथे काही संबंध नाही. बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या या मराठीभाषक ज्यूंनी, योम किप्पूरला (पापांच्या प्रायश्चित्ताच्या ज्यू दिवसाला) दिलेले हे मराठी नाव, अर्थ दारे लावून घेण्याचा सण. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 10 तारखेला ही मंडळी पांढरे कपडे घालून दाराआड राहत, विटाळ होऊ नये म्हणून बाहेरच्यांचा संपर्क टाळत. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचे, 'नेईला'चे, नावही दारे, म्हणजे स्वर्गाची दारे, मिटण्यावरूनच आहे. त्यामुळे दोन्हींचे नाते जोडायचा मोह होतो. मला ते ओढूनताणून वाटते. घराची दारे खरोखरच बंद होत असताना नावासाठी स्वर्गाच्या दारापर्यंत जायला नको. दुसरा दिवस 'शिळा सण', दानधर्माचा आणि गाठीभेटींचा.

'रोजा' हा शब्द त्यांच्या मराठीत आहेच. तिशा बआव, म्हणजे जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा उपवास, हा त्यांचा 'बिरड्याचा रोजा'. पण दारफळणीला 'सण'च म्हणतात, शिवाय वेळही वेगळी. रमजानचा रोजा पहाटे सुरू होऊन सूर्यास्ताला सुटतो. हा आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि दुसऱ्या रात्री तारे दिसल्यावर सुटतो, सुमारे 25 तास. नुसते 'उपवास' लिहिले तर आपल्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते! इथे पाणीसुद्धा नाही. म्हणून 'निर्जळी उपवास' लिहावे. आंघोळ, तेल-अत्तर, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंधही वर्ज्य. मुलगे 13, मुली 12 वर्षांच्या झाल्या की उपवास लागू. जिवाला धोका असेल तर मात्र खाणे हेच कर्तव्य.

तारीख लिहिताना हमखास चूक होते. कॅलेंडरात 2026 साठी 21 सप्टेंबर दिसेल, पण उपवास 20च्या संध्याकाळीच सुरू होतो. शेवटचे जेवण त्याआधी उरकायचे, तेही कमी मिठाचे, नाहीतर रात्रीच घसा कोरडा पडतो. चहाबाजांनी चहा चार-पाच दिवस आधीपासून कमी करत आणावा. एकदम तोडला की दुपारी डोके धरते.

क्रियापदेही जपून वापरावीत. पापांची कबुली देण्याचा दिवस 'साजरा' होत नाही, 'पाळला' जातो. उपवास 'सोडतात', 'तोडला' म्हटले की मधेच मोडला असा अर्थ होतो.