उदाहरण त्यांचं आहे, त्यांच्याकडेच राहू दे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

सातवीच्या वर्गात तू फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण लिहिलंस आणि वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, गुणाकार का भागाकार?" तू थोडी थांबलीस, पण ती शांतता तुला सोसवेना, म्हणून "भागाकार" म्हणून मोकळी झालीस. पाच मिनिटांत सगळ्यांच्या वह्यांत बरोबर उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण जरा फिरवून दिलंस, तर परत तोच प्रश्न. त्यावर स्टाफरूममध्ये तुला सांगण्यात आलं की एक तक्ता करून भिंतीवर लाव: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. मुलं पटापट करतील. आता तू मला विचारतेस, लावू का तक्ता?

नको लावूस.

हे एवढंच लिहून पत्र संपवलं असतं तरी चाललं असतं, कारण उत्तर तुलाही ठाऊक आहे. माहीत नसतं तर तू इतकी अस्वस्थ झाली नसतीस. पण तक्ता का नको आणि त्याच्या जागी काय करायचं, हे मला तुला नीट सांगायचंय. ते सांगण्यात माझी सगळी नोकरी सरली आणि ऐकणारे थोडेच भेटले.

आधी तक्त्याचं बघू. मुलांना हे उदाहरण दे: "रेश्माकडे 12 गोट्या आहेत. त्या इमरानच्या गोट्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत. तर इमरानकडे किती?" तक्ता पाठ असलेलं मूल 'जास्त' वाचतं आणि 17 लिहून मोकळं होतं. त्याचं वाचन थांबलेलं असतं. ते फक्त शब्द हुंगत असतं. तुला वाटेल हे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांचंच आहे, घरी तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांना मराठी उदाहरण कळत नाही. तसं नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना देशभरच्या चाचणीत एक प्रश्न आला होता: एका बसमध्ये 36 सैनिक बसतात, 1128 सैनिकांना न्यायला किती बस लागतील? साधारण 70 टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण 32 बस हे उत्तर दिलं जेमतेम 23 टक्क्यांनी. त्याहून जास्त मुलांनी, 29 टक्क्यांनी, लिहिलं "31 बाकी 12". बाकी 12 म्हणजे रस्त्यावर उभी असलेली बारा माणसं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. भागाकार येत होता, इंग्रजी बहुतेकांची घरची भाषा होती, तरी. कारण उदाहरण त्यांचं नव्हतं. ते बाईंचं होतं, परीक्षेचं होतं, आणि मुलं फक्त आकड्यांची विल्हेवाट लावत होती.

म्हणून मी एकच गोष्ट धरून बसलोय: उदाहरण मुलाचं आहे, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. 'भागाकार' हा एक शब्द उच्चारलास की तू ते काढून घेतलंस. पुढे राहतं ते कारकुनी काम.

आता वर्ग कसा चालतो ते सांगतो. चादर मुलांच्या घरात आहे, निम्म्यांच्या घरात माग आहे. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी चढवायच्या आधी ती चौकटींच्या कागदावर काढतात, हे तुझ्या वर्गातल्या कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. तसाच कागद काढायचा, उभी 10 घरं, आडवी 10 घरं. कडेची एक रांग चारही बाजूंनी रंगवायची, झाला काठ. काठात किती घरं?

हा तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. आधी सगळा वर्ग ओरडला, "चाळीस!" मी फळ्यावर 40 लिहिलं आणि काही बोललो नाही. बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. थोड्या वेळानं एक जण म्हणाला, "अडतीस, सर." तेही लिहिलं. मग कुजबूज सुरू झाली. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीनं वहीत छोटी चौकट काढली होती, तीनच घरांची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती कडेच्या घरांवर बोट ठेवून मोजत होती, एक, दोन, तीन, आणि कोपऱ्यावर येऊन पुन्हा "एक" म्हणायला लागली की बोट अडायचं. कोपऱ्याचं घर आधीच मोजलेलं होतं. तिनं त्या घरावर अंगठा घासला, पेन्सिल पसरली, मग शेजारणीशी तेलुगूत भराभर काहीतरी बोलली. मला तेलुगू मोडकंतोडकं कळतं, पण त्या वेळी न कळल्याचंच दाखवलं. विचार ज्या भाषेत येतोय त्या भाषेत येऊ दे. मराठीत सांगायला नंतर वेळ आहे. दोघींनी हात वर केला तेव्हा तास संपत आला होता.

तासाच्या शेवटी सगळ्यांचं उत्तर एकच होतं, 36. पण तिथं पोचायच्या वाटा चार होत्या. एक म्हणाला, चार बाजू दहाच्या, वजा चार कोपरे. दुसरा म्हणाला, प्रत्येक बाजूचा शेवटचा कोपरा पुढच्या बाजूला देऊन टाका, चार वेळा नऊ. ती मुलगी म्हणाली, वरची दहा, खालची दहा, मधल्या उभ्या आठ-आठ. आणि एका मुलानं काठ मोजलाच नाही. तो म्हणाला, सगळी चादर शंभर, मधला भाग आठ गुणिले आठ चौसष्ट, शंभरातून काढा. पुढे सातवीतच तुला वर्ग विस्ताराची सूत्रं शिकवायची आहेत ना? दहाचा वर्ग वजा आठचा वर्ग, म्हणजे दहा-आठची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी, अठरा गुणिले दोन. त्या मुलाला सूत्र सांगायच्या आधी ते त्याच्या हातात होतं.

तो मुलगा संध्याकाळी वडिलांच्या मागावर असायचा. काठ आणि मधला भाग त्याला वेगळे दिसायचे, कारण विणताना ते वेगळेच असतात. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. घरी गेलो, बोललो, त्याच्या आईसमोर बसलो. माग बंद पडला होता आणि त्याला भिवंडीला मामाकडे पाठवायचं ठरलं होतं. त्याला थांबवता आलं नाही याची खंत मला आजही आहे. आता लोक म्हणतात, मग त्याचा काय उपयोग झाला तुमच्या त्या काठाच्या उदाहरणाचा? मला हा प्रश्न मान्यच नाही. तो विचार त्याचा होता, माझा नव्हता, आणि माझा असता तर तो इथेच फळ्यावर राहिला असता.

असो. तुझ्या कामाचं बोलू.

अमेरिकेतच मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमधली संभाषणं रेकॉर्ड करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तरी मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद! आणि तुला तेवढेही सोसले नाहीत म्हणतेस. घड्याळ बघत जा. खडू टेबलावर ठेव आणि हात मागे बांध. हे मी शब्दशः सांगतोय, हातात खडू असला की फळ्याकडे वळायची ओढ लागते.

गप्प बसायचं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडायचं असं मात्र नाही, आणि इथं पुष्कळ जण घसरतात. नवा माग शिकणाऱ्या पोराचा धागा तुटला तर जाणता कारागीर तो जोडून देत नाही, पण तुटला कुठे ते बघायला लावतो. तेवढंच करायचं. "काय दिलंय ते तुझ्या शब्दांत सांग." "चित्र काढ." "दहा मोठे वाटतात? तीन घेऊन बघ." "उत्तर साधारण किती यावं, शंभराच्या वर का खाली?" "आलेलं उत्तर चुकीचं असेल तर तुला कसं कळेल?" यातल्या एकाही वाक्यात रीत नाही, हे लक्षात घे. आणि ही वाक्यंसुद्धा मूल स्वतः झटून अडलं की मगच. आधी नाही. "समजलं का?" हा प्रश्न कायमचा सोड. त्याला सगळी मुलं "हो" म्हणतात, त्यातून काही कळत नाही.

खाडाखोड करणाऱ्या मुलाची वही बघ. रबर वापरू देऊ नकोस. चुकलेली ओळ त्यानं एका रेघेनं काटायची, खाली नवी लिहायची. कच्चं काम मागच्या पानावर लपवायचं नाही, शेजारीच ठेवायचं. तुझ्या मुख्याध्यापकांना वह्या स्वच्छ हव्या असतील, मलाही एका शाळेत वह्यांवरून बोलणी खावी लागली. मी वह्या बदलल्या नाहीत.

आता तुझी दुसरी काळजी. हीच मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार. पहिल्या पेपरला 75 प्रश्न, 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद, आणि त्यातले 50 प्रश्न गणिताचे. तुला सांगितलं जातंय की विचार करायला वेळच नाही, रीत पाठ हवी. मी उलटं म्हणतो. ज्याला फक्त रीत पाठ आहे त्याला न ओळखीचा प्रश्न आला की 72 सेकंद नुसते कोरडे जातात. ज्यानं काठ चार वाटांनी मोजलाय तो एक वाट अडली की दुसरी धरतो. वेगाचा सराव परीक्षा जवळ आली की कर, अगदी घड्याळ लावून कर, मी कधीच नको म्हटलं नाही. पण विचार करण्याचा वेळ त्यात जाळू नकोस. माझ्या वर्गात पाठ्यक्रम मागे पडायचा, हे खरं. त्यावरून आठवीचा वर्ग माझ्याकडून काढूनही घेतला होता एकदा. मला त्याचं दुःख झालं, पण मी मार्चमध्ये धडे उरकत बसलो नाही, आणि आजही ते योग्यच होतं असं मानतो.

"मग आकडेमोडीचा सराव कुठे होणार?" असं कुणीतरी विचारेलच. त्यांना देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं नाव सांग. शाळेत शिकवणारा हा माणूस आकड्यांशी आयुष्यभर खेळत राहिला. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करायचे, आलेल्या उत्तरावर परत तेच. 3524 घे: 5432 वजा 2345, 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, आले 6174. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते आणि इथेच थांबते. मुलं आपापली संख्या घेऊन हातच्याच्या वजाबाक्या करत राहतात, एकाची संख्या 6174 वर आली नाही की शेजारी त्याची चूक शोधून देतो. तुला तपासावंही लागत नाही. पण खबरदार, शेवटी काय येतं ते आधी सांगायचं नाही. तेही त्यांचंच आहे.

तू लिहिलंस की आपण या कामाला लायक नाही असं वाटतं. त्यावर मी काही लिहिणार नाही. सातवीच्या मुलांची शांतता जिला टोचते तिला त्या शांततेत उभं राहायला शिकावं लागतं, एवढंच. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर असतो, नवा धडा काढता येत नाही. तेव्हा हे करून बघ, तुला कुणी विचारणारही नाही.

काठाचं उदाहरण तू देशीलच. ते झालं की त्याच चादरीचा काठ दोन घरं रुंद कर आणि विचार, आता किती? कुणीतरी लगेच 72 म्हणेल, 36 ची दुप्पट. फळ्यावर 72 लिही आणि खडू खाली ठेव. आतली रांग बाहेरच्यापेक्षा लहान आहे हे कुणाला आधी दिसतं ते बघ. तुझ्या सगळ्यात हुशार मुलाला दिसेल असं गृहीत धरू नकोस. आणि 72 म्हणणाऱ्याला स्वतःच्या उत्तराची पहिली शंका कशावरून आली, त्याच्याच शब्दांत मला लिहून कळव. तेलुगूत बोलला तर तेलुगूतच लिही, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.

तुझे सर